परत गेलेले पैसे

मुरुम गावच्या बसस्टँडमागं क्षमाची रक्त तपासायची लॅब होती. सकाळची गर्दी ओसरली की ती स्पिरिटनं टेबल पुसायची, चहा मागवायची आणि मोबाइल घेऊन बसायची. नोकरीत असताना थोडे थोडे करून घेतलेले क्रिप्टोचे कॉइन तिला आता विकायचे होते. तपासणीचं मशीन जुनं झालं होतं, रोज काहीतरी कुरकुर. नवं आलं नाही तर पेशंट उमरग्याला जाणार आणि लॅबला कुलूप लागणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

त्या दिवशी अ‍ॅपवर गिऱ्हाईक मिळालं. व्यवहार साधा होता. त्यानं बँकेतून पैसे पाठवायचे. ते आल्यावर क्षमानं 'मिळाले' हे बटण दाबायचं, की अ‍ॅपनं अडकवून ठेवलेले कॉइन त्याच्याकडं जाणार. एकदा गेलेले कॉइन पुन्हा हाती लागत नाहीत, हे ती जाणून होती. म्हणून तिनं बँकेचा मेसेज आधी वाचला. रक्कम पूर्ण जमा झाली होती.

'मॅडम, पैसे पोचले ना? सोडा लवकर,' गिऱ्हाइकानं लिहिलं.

तिनं अंगठा बटणावर नेला आणि फोन वाजला.

"बाळ..." पलीकडं कुणी म्हातारी होती. बोलण्याला कानडी हेल, आवाज खणखणीत. "ते पैसे माझे हायत. माझ्याकडंच परत येणार. तू त्याला तुझं काई देऊ नगंस."

"कोण बोलतंय?"

"मल्लम्मा. आलूरची."

फोन बंद झाला. क्षमानं बँकेचा मेसेज पुन्हा उघडला. पाठवणाऱ्याचं नाव मल्लम्मा होतं. अ‍ॅपवरचं गिऱ्हाईक तर कुणी पुरुष होता. रकमेच्या नादात नावाकडं तिचं लक्षच गेलं नव्हतं.

उलट फोन लावावा म्हणून तिनं आलेले कॉल पाहिले. सकाळपासून एकही कॉल आलेला नव्हता. चुकून पुसला गेला असेल, असं तिनं मनाला समजावलं. चहा तसाच गार झाला.

तिनं बटण दाबलं नाही, अ‍ॅपकडं तक्रार टाकली. गिऱ्हाइकानं आधी गयावया केली, मग शिव्या दिल्या, मग पोलिसांची धमकी. आपण एखाद्या भल्या माणसाला तर अडवलं नाही ना, या विचारानं तिला जेवण जाईना.

आठवड्याच्या शेवटी बँकेचा मेसेज आला. पैसे फसवणुकीचे होते. ते मूळ खात्यात परत गेले होते. अ‍ॅपनं सौदा रद्द करून कॉइन तिचे तिला परत केले. बटण दाबलं असतं तर पैसेही गेले असते आणि कॉइनही. क्षमा खुर्चीत बसली आणि एकटीच हसत सुटली. हसता हसता डोळे भरून आले.

रविवारी ती पेढे घेऊन आलूरला गेली. घर सापडायला वेळ लागला नाही. मल्लम्माची लेक शिवांजली तिला आत घेऊन गेली. म्हातारी खिडकीशी खाटेवर बसली होती.

"तुमच्या फोनमुळं वाचले मी, आजी," क्षमा म्हणाली.

शिवांजली गोंधळली. "आईचा फोन? ताई, गळ्याचं आप्रेशन झालंय तिचं. आवाजाची पेटीच काढलीय. नातीचं बारसं झालं तवाबी तिला नाव घेता आलं न्हाय."

मल्लम्माच्या गळ्याशी छिद्र होतं, त्यावर जाळीची पट्टी. श्वासाबरोबर ती हलत होती. म्हातारीनं क्षमाचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता. क्षमाला भीती वाटली नाही. उलट ओझं उतरल्यासारखं झालं.

"तुमचे सगळे पैसे आले ना परत?"

"आले की! तुमच्यामुळंच." शिवांजलीनं तिच्यापुढं पाणी ठेवलं. "'आईचं खातं बघा, लगीच बँकेत जा,' असं त्या दिवशी सकाळी तुमीच न्हाय का सांगितलं फोनवर? म्या रांगेत हुबी असतानाच पैसे गेले. म्हणून तर लगीच तक्रार झाली."

त्या सकाळी क्षमाला मल्लम्मा हे नावही माहीत नव्हतं.

"दुसरं कुणी असेल," ती हळूच म्हणाली.

"न्हाय ओ." शिवांजली हसली. "दारात तुमी हाक मारली, तवाच आवाज वळखला म्या."