ढगे सरांचा अठरा मिनिटांचा व्हिडिओ

मी शपथ घेत नाही, कारण शपथ घेणारेच जास्त फेकतात. पण हे घडलंय. माझ्याच बाबतीत.

मागच्या वर्षीचा जून, रविवार, दुपारचे दोन. सेलूजवळचं आमचं वांग्याचं शेत.

दहावीत माझं गणित गेलं होतं. पुरवणी परीक्षेला नऊ दिवस उरले होते.

"या खेपेले गणित नाई निघालं, तं शाळा बंद," बाबांनी सांगून टाकलं होतं.

दिवसभर वानरं हाकलायची आणि कडुनिंबाखाली बसून ढगे सरांचे व्हिडिओ बघायचे. लॉकडाऊनमध्ये सरांनी ते घरीच काढले होते. पुढच्या वर्षी सर कोरोनात गेले. शाळेने मेमरी कार्डात भरून दिलेले व्हिडिओ तेवढे राहिले.

माझ्या फोनमध्ये सिमसुद्धा नव्हतं. हे लक्षात ठेवा.

वर्गसमीकरणाचा व्हिडिओ अठरा मिनिटांचा. शेवटी सर विचारतात, "समजलं का?" आणि जरा थांबतात. आम्ही सगळे सवयीने "हो सर" म्हणायचो. वर्गातही तेच. समजलेलं कुणालाच नसायचं.

त्या दिवशी मी सातव्यांदा बघत होते. डोकं चालेना, डोळे चुरचुरत होते.

"समजलं का?"

"नाई समजलं, सर," मी म्हणाले. आणि रडूच आलं.

सर थांबले...

थांबलेच...

वानरं गप्प. विहिरीवरची मोटारही गप्प.

मग सरांनी फळा पुसला.

"बरं. पुन्हा पाहू."

मी जागची हलले नाही. सर एकेक पायरी सावकाश सांगत गेले. ऊन उतरलं तरी चालूच होतं.

मी पास झाले. बेचाळीस मार्क.

यंदा माझी धाकटी बहीण काजल दहावीत आहे. तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. काल दुपारी ती तोच व्हिडिओ बघून आली.

"ताई, सर बसून काऊन शिकवते व?"

त्या व्हिडिओत सर पूर्णवेळ उभे असतात. तिथे खुर्चीच नाही.

"लय थकले दिसते," काजल म्हणाली. "समजलं का विचारलं, तं मी नाई म्हटलं."

"मग?"

"मग काय... खुर्ची धरून उठले. फळा पुसाले."

तिला सांगणार होते, समजलं नसलं तरी हो म्हणजो, सुटू दे त्यांना.

पण मार्चमध्ये तिचा पेपर आहे. आणि बाबा तेच आहेत.

मी काहीच बोलले नाही. त्याची लाज वाटते.