फोटोतली गर्दी

"मॅडमजी, वायरवरून पाय हटवा ना. आमचा हनुमान उडेना झालाय."

जयेश माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. मी ओशाळून बाजूला झाले आणि तो हसला... फार छान हसला, मेला.

गिरणी बंद पडून वर्ष होत आलं होतं. तरी अनंत चतुर्दशीला तिची झांकी निघायलाच हवी, म्हणून कामगार रोज दुपारी फाटकाशी जमून चित्ररथ बांधत. बंद गिरणीपाशी माणसं का जमतात, हा माझा एम.ए.चा विषय, आणि अभ्यास करायचा तो फोटोंतून. सरांनी बजावलं होतं — चेहरे निवडायचे नाहीत, गर्दी टिपायची. मग तेच फोटो तिथल्या लोकांना दाखवून, त्यात काय दिसतं ते विचारायचं.

जयेश गिरणीतल्या कारकुनाचा मुलगा. झांकीचे दिवे आणि मोटर त्याच्याकडे. तो मला रोज चिडवायचा, मी रोज भांडायचे, आणि घरी जाताना सवाऱ्यांच्या टेम्पोत एकटीच हसायचे.

झांकी थाटात निघाली. मग जयेशला सुरतेत नोकरी लागली. उद्याचीच गाडी होती आणि मी त्याला काहीच बोलले नव्हते.

त्या दुपारी फोटो घेऊन गयाबाईंकडे गेले. गिरणीत त्या सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. जयेश निरोप घ्यायला आधीच येऊन बसलेला. मी रीतसर विचारलं, यात काय दिसतं?

त्यांनी एकेक फोटो निरखला. "यात हा जयेश शिडीवर. यात हाच चाय पितो. यात याची नुसती पाठ. माणसांची भीड तर सगळी फोटोच्या किनाऱ्याला गेली ना, बाई."

मी फोटो ओढून घेतले. खरंच की! मी आपली प्रामाणिकपणे गर्दीच टिपत होते... असं मला वाटत होतं. कानशिलं तापली.

जयेश मात्र हसला नाही. "शर्वरी, रिसर्चमध्ये चालेल हे?"

"नाही." आता बोलले नाही तर कधीच नाही, एवढंच कळत होतं. "मला तू आवडतोस, जयेश. उद्या जाशील, तर हे ऐकून जा."

त्याने माझ्या हातातून शिडीवरचा फोटो घेतला. "सुरत तर जावंच लागेल. बाबांचं काम गेलंय. पण आज शामच्या वेळी तुमच्या अन्नपूर्णा मोहल्ल्यात येतो, तुझ्या घरी. तुझ्या बाबांशी सीधी बात करतो... येऊ ना?"

मी "ये" म्हटलं आणि रडायलाच लागले. गयाबाई चहा टाकायला आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.