उजळणीचा रविवार

"उजळणीच्या ठरावाविरुद्ध सही केलीत का?" त्याने विचारलं.

ती क्लबच्या तलावाकाठी पाणबुड्यांच्या श्वासनळ्या धूत बसली होती. "नाही."

"करून टाका. कोण ती नवी मास्तरीणबाई... म्हणे वर्षातून एकदा सगळ्यांनी तलावात उजळणी करायची, नाहीतर समुद्रबंदी. पाण्यात उतरणं काय कोणी विसरतं?"

"मीच ती."

स्कूबा क्लबातला तो जुना गडी. सगळे त्याला बेडूकराव म्हणत. बेडूकरावांनी सह्यांचा कागद पाठीमागे लपवला. "आता पळून जाणं बरं दिसणार नाही..."

"नाहीच. उतरा."

पाण्याखाली तिने खुणेने विचारलं, ठीक? त्याने ऐटीत अंगठा दाखवला. तिने दंड धरून त्याला सरळ वर आणलं.

"अहो, ठीक आहे म्हटलं की मी."

"पाण्याखाली अंगठा म्हणजे वर चला. ठीक म्हणजे हे—" तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला. मग शिकवण्याच्याच सुरात म्हणाली, "माझ्या दादाचा समुद्रातला जोडीदारही बऱ्याच वर्षांनी उतरला होता. हवा संपत आली तसा दादाने अंगठा दाखवला. जोडीदाराला वाटलं, स्वारी मजेत आहे. त्यानेही उलट अंगठा दाखवला आणि पुढे गेला. दादा वर आलाच नाही."

सूर स्थिर होता. बोटांचा तो गोल मात्र तिने अजून सोडला नव्हता. त्याने मास्क पुन्हा डोळ्यांवर ओढला.

पुढच्या रविवारी तो आपणहून आला. त्याच्या पुढच्याही. मास्क काढून पुन्हा चढवताना नाकातोंडात पाणी जायचं.

"श्वास का रोखता?"

"मास्तरीणबाई, तुम्ही असं बघत राहिलात, तर माणूस विसरणारच ना..."

"मग त्याचीही उजळणी घेऊ."

अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

सभेत त्याने ठरावाच्या बाजूने हात वर केला. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. "क्लब आहे की पाळणाघर?" म्हणत बाकीच्यांनी ठराव पाडला. दादाचा तो जोडीदारही याच क्लबातला; तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्याने कुठल्याच बाजूने हात वर केला नाही.

रविवारी तलाव ओस पडला होता. ती कट्ट्यावर बसून सामान आवरत होती, कायमचं. तो आला.

"ठराव पडला," ती म्हणाली. "यायची सक्ती नाही आता."

"म्हणून तर आलो. सक्ती असती तर तुला वाटलं असतं, नियमापायी येतो."

तिने मान वर केली नाही. "दादानंतर मी समुद्रात गेले नाही... जाणारही नाही. आणि तू आत असताना काठावर उभं राहायचं बळ माझ्यात नाही."

"मग तू म्हणेपर्यंत मीही नाही जाणार."

"आणि कधी म्हटलंच नाही तर?"

समुद्र म्हणजे त्याचा जीव की प्राण, हे तिला ठाऊक होतं.

"तर नाही," तो म्हणाला.

ती जरा सरकून बसली, कट्ट्यावर त्याच्यापुरती जागा होईल इतकी.