दुपारपर्यंत थांबा

"अहो, हात नका लावू!"

काचघराच्या दारातूनच ती ओरडली, आणि आतल्या माणसाच्या हातातली पेन्सिल थेट पाण्याच्या पिंपात पडली. विस्कटलेले केस, कानांपर्यंत लाल झालेला चेहरा... उद्यानाच्या पुस्तकासाठी येणारा चित्रकार तो हाच.

"हात नव्हतो लावत. वास घेत होतो," तो म्हणाला. "असा वास असतो आणि कुणी सांगितलंही नाही!"

तिचा राग तिथेच निवळला. उष्ण प्रदेशातलं हे थोराड कृष्णकमळ म्हणजे तिचा जीव की प्राण. चौकोनी दांडा, तळहाताहून मोठी पानं आणि फूल तर... गडद लाल पाकळ्यांवर जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कुरळी झालर, मधोमध पाच परागकोश, त्यांच्यावर पराग झेलणाऱ्या तीन कुक्षी. एवढा थाटमाट आणि आयुष्य एका दिवसाचं! सगळे तिला वेलताई म्हणत, ते काही उगाच नाही.

"मला ते 'ताई' जमणार नाही," चित्रकाराने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं.

"का बरं?"

"असंच... सोयीचं नाही."

ती घाईघाईने झारी भरायला वळली. झारी भरलेलीच होती.

तिसऱ्या दिवशी त्याने कपाळाला हात लावला. सकाळच्या चित्रात तिन्ही कुक्षी ताठ वर आणि दुपारच्या चित्रात परागकोशांपर्यंत वाकलेल्या. "यातलं एक चुकलंय. पण कुठलं?"

ती पोट धरून हसली. "दोन्ही बरोबर आहेत. उमलल्या उमलल्या तोऱ्यात असतात त्या. मग हळूहळू आपणहून झुकतात. आपण फक्त दुपारपर्यंत थांबायचं."

"आणि नाही झुकल्या तर?"

"तर फळ धरत नाही. इथे जबरदस्ती चालत नाही."

"मी थांबेन," तो म्हणाला. फुलाकडे न बघता.

पण फळाचं नाव निघालं आणि तिचा चेहरा उतरला. या जातीला स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या वेलीचेच लागतात. म्हणून दोन वर्षं ती ब्रशने एका वेलीचे पराग दुसरीला लावत होती. फळ मात्र एकही नाही. या महिन्यात धरलं नाही, तर दोन्ही वेली कापायच्या, असं उद्यानाच्या साहेबांनी बजावलं होतं.

"बोटाएवढ्या होत्या हो, तेव्हापासून वाढवल्यात..." ती पानांवरून हात फिरवत म्हणाली.

चित्रकाराने कोरा कागद काढला. पुढचे दोन दिवस मान मोडेपर्यंत त्याने दोन्ही वेलींच्या फुलांची चित्रं काढली.

"हे बघ," तो एकदम एकेरीवर आला. "झालरीतला तिसरा पट्टा. दोघींच्या प्रत्येक फुलात अगदी एकाच जागी तुटलाय. या दोन वेली नाहीतच. एकाच वेलीच्या दोन फांद्या लावून केल्यात!"

तिने चित्रं शेजारी शेजारी धरून पाहिली. आधीच्या माळीकाकांनी तिला दोन कुंड्या दिल्या होत्या, आणि दोन कुंड्या म्हणजे दोन वेली, असं ती खुशाल धरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन आला. आत ओल्या फडक्यावर असंच एक फूल. "आत्याच्या परसातलं. तिने बी लावून वाढवलीय वेल, म्हणजे ही नक्की वेगळी. एवढ्या पहाटे कुणासाठी, म्हणून विचारत होती. मी खरं ते सांगितलं."

"काय खरं?"

"फळ धरलं तर सांगतो."

दुपारपर्यंत दोघं पालथ्या कुंड्यांवर बसून राहिले. कुक्षी झुकल्या. तिने ब्रश उचलला, तेव्हा त्याने अलगद तिच्या मनगटाला आधार दिला, आणि काम झाल्यावरही तो काढून घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही.

त्यानंतर आठव्या दिवशी कोमेजल्या पाकळ्यांमध्ये हिरवी गाठ फुगली होती. साहेबांनी चष्मा पुसून पुसून ती पाहिली, "बरं, राहू द्या" म्हणाले आणि निघून गेले. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"पिकायला किती दिवस?" चित्रकाराने विचारलं.

"दोन महिने."

"मग त्याचं बी लावायचं. त्या वेलीला फूल?"

"वर्ष तरी जाईल. का?"

"तोवर तर मी इथेच. आणि त्यानंतरही, तुझी हरकत नसेल तर. आत्याला मी हेच सांगितलं... जिच्यासाठी फूल नेतोय, ती मला फार आवडते."

दुपारपर्यंत थांबा, असं म्हणायचं तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं. पण घड्याळात दहाही वाजले नव्हते, आणि तिची मान होकारार्थी झुकूनही गेली होती.