उभय पक्षांचं नातं

अम्मानमधल्या लुवेब्दे टेकडीच्या उतारावर त्या दिवशी मी थांबले होते, हे आधी सांगते. समोरून कचऱ्याची मोठी गाडी वर येत होती, पाऊस बारीक पण चिवट पडत होता, आणि मी माझ्या आकाशी रंगाच्या गाडीत वायपरच्या तालावर बोटं वाजवत बसले होते. गाडी इतकी नवी, की सीटवरचं प्लास्टिकसुद्धा मी काढलं नव्हतं.

बाजूच्या गल्लीतून एक जुना पिकअप घसरत आला. धाडकन आवाज झाला, आणि माझ्या काचेवर ऑलिव्हचं एक रोप येऊन आदळलं. मातीसकट.

मी उतरले. मागचं दार पार आत गेलं होतं. पिकअपमधून एक उंच तरुण उतरला, केसांतून पाणी निथळणारा.

अम्मानमध्ये धडक झाली, की समोरच्याला 'आंधळा आहेस का' असं विचारल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. मी तोंड उघडलंही होतं...

"लागलं का कुठे तुम्हाला?" त्याने विचारलं.

"मला नाही. गाडीला लागलंय."

"दिसतंय. चूक माझी आहे. पूर्ण माझी."

"असं लगेच कबूल नका करू," मी म्हणाले, "मला भांडायचं होतं."

"भांडा ना. मी कुठे पळतोय? माझा बंपर तुमच्या दारात अडकलाय."

मी हसणार नव्हते. पण ओठांनी माझं ऐकलं नाही.

त्याचं नाव तमीम. जेरश गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची रोपवाटिका होती. वाहतूक पोलीस आले, त्यांनी रस्त्याचा नकाशा काढला, चूक तमीमच्या नावावर लिहिली. त्याने मान हलवून सही केली आणि सांडलेली रोपं गोळा करायला लागला. दोन मीही उचलून दिली. "म्हणजे आता भांडण संपलं?" त्याने विचारलं. "सुरूच कुठे झालंय?" मी म्हणाले.

चूक त्याची, म्हणून भरपाई त्याच्या विमा कंपनीने द्यायची. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मी घरोघरी जाऊन पाय मोडलेल्या, गुडघे बदललेल्या लोकांकडून व्यायाम करवून घेते. शहराच्या सातही टेकड्यांवर माझे पेशंट, गाडीशिवाय चालत नाही. मागचं दार दोरीने बांधून मी पहिल्यांदा विमा कंपनीच्या कार्यालयात गेले, तर तिथे तमीम आधीच बसलेला.

"तुम्ही कशाला आलात?"

"जबाब द्यायला. चूक माझी आहे हे त्यांना पटवून द्यावं लागतंय."

दुसऱ्या वेळीही तो होता. या वेळी जबाब नव्हता. हातात सहलबचे दोन कप होते... गरम, घट्ट दुधाचं पेय, वर दालचिनी भुरभुरलेली.

"आज काय पटवायला?"

"आज काही नाही. फाइल कुठवर आली ते बघायला."

"फाइल माझी आहे, तमीम."

"धडक माझी आहे ना, सिवार."

माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं. मी कप घेतला आणि उगाचच खिडकीबाहेर बघत बसले. तिसऱ्या वेळी दोन कप मीच नेले. चौथ्या वेळी आम्ही दोघं 'अहो' विसरलो होतो, आणि बाकावर बसून इतके हसत होतो, की आतलं दार उघडून हिकमतसाहेबांनी बाहेर बघितलं.

दावे तपासणारे हे हिकमतसाहेब. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज नेहमी एकाच पट्टीत. त्यांनी आम्हा दोघांकडे बघितलं, दोन कपांकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. दावा थांबवलाय. ओळखीच्या माणसांनी ठरवून धडक घडवल्याचा संशय आहे. दोघांनी चौकशीला यावं. संशय खरा ठरला, तर प्रकरण कोर्टात जाईल.

रागाने माझे कान तापले. तमीमचा फोन आला.

"त्यांना वाटतंय आपण एकमेकांना सामील आहोत."

"का वाटणार नाही? आपली चूक हौसेने सांगणारा माणूस त्यांनी आयुष्यात बघितला नसेल."

"मी म्हणतो... मी तुला ओळखतच नाही, असं सांगू का? फक्त धडकेपुरती भेट. तुझ्या दाराचे पैसे सुटतील त्यात."

"आणि ते खोटं नाही का होणार?"

"होईल," तो हळूच म्हणाला. "मोठं खोटं होईल."

फोन मात्र आम्ही दोघांनीही ठेवला नाही.

चौकशीला त्याला आधी आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा चेहरा कानापर्यंत लाल. माझ्याकडे न बघता तो जिना उतरून गेला. मी उठले आणि सरळ आत गेले. लोकांना पहिलं पाऊल टाकायला मी रोज शिकवते.

"बसा," हिकमतसाहेब म्हणाले. "उभय पक्षांचं नातं काय?"

"धडकेच्या दिवशी काहीच नव्हतं. त्याला मी त्याआधी कधी बघितलंही नव्हतं."

"आणि आज?"

ओळख नाही म्हणाले असते तर कदाचित तिथेच सुटले असते. दारही बसलं असतं.

"आज आहे," मी म्हणाले. "मला तो आवडतो. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी कळतंय, याचं मला जरा वाईट वाटतंय."

हिकमतसाहेबांनी चष्मा काढला आणि सावकाश पुसला.

"बाई, एवढी वर्षं मी बनाव करणारी माणसं बघतोय. ती एकमेकांना कधीच ओळखत नाहीत. सख्खे मेव्हणे इथे बसून म्हणतात, हा कोण? मघाचा तो तरुण मात्र म्हणाला, पहिली धडक चुकून झाली, पुढच्या सगळ्या भेटी मुद्दाम. शिवाय मला विनंती केली, की तिला काही सांगू नका." त्यांनी चष्मा परत चढवला. "मी वचन दिलं नव्हतं. नकाशा साफ आहे. दुरुस्ती मंजूर, गाडीच्या घटलेल्या किमतीची भरपाईही मंजूर. आता कृपा करून माझ्या बाकावर परत बसू नका."

मी जिना कशी उतरले, आठवत नाही. पाऊस जोरात लागला होता. तमीम पिकअपमध्ये बसला होता, दोन्ही हात स्टीअरिंगवर. मी दार उघडून सरळ आत बसले.

"काय म्हणाले?"

"मंजूर."

त्याने श्वास सोडला. "झालं तर. आता... आता यायचं काही कारण उरलं नाही म्हणायचं."

"मुद्दामच्या भेटींना कारण लागतं का?"

त्याची मान झटकन वळली. मग सगळं त्याच्या लक्षात आलं, आणि तो स्टीअरिंगवर कपाळ टेकून हसला.

"म्हातारा पोटात काही ठेवत नाही."

"तुझं त्याने सांगितलं. माझं काय सांगितलं मी त्याला, ते नाही विचारणार?"

"विचारायची हिंमत नाही."

"चूक कबूल करताना बरी होती."

काचेवर पाणी नुसतं ओघळत होतं. बाहेरचा रस्ता, माणसं, कार्यालय, सगळं पुसून गेलं होतं. त्याने स्टीअरिंगवरचा एक हात काढून माझ्या हाताशेजारी ठेवला. अगदी शेजारी... लागेल न लागेल असा.

"शुक्रवारी माझे वडील आणि काका मोकळे आहेत," तो म्हणाला. "त्यांना घेऊन तुमच्या घरी यावं म्हणतो. म्हणजे तुझी आई जर... आणि तू जर..."

"हो," मी म्हणाले.

"माझं बोलणं पुरं तर होऊ दे."

"कर ना पुरं," मी म्हणाले, आणि त्याचा ओला हात हातात घेतला. "मला सगळं ऐकायचंय."