पाळण्यातला वरवंटा

उत्कर्षा गेली होती विरजण मागायला, आणि परत आली ती नाटकाची मास्तरीण होऊन. विरजण राहिलंच.

त्याचं असं झालं. पळसदेवच्या यात्रेत दरसाल 'संगीत राजदाई' व्हायचं. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं त्याच्याही आधीपासूनची ही रीत. गावच्याच एका शाळामास्तरांनी कधीकाळी लिहिलेलं नाटक, आणि गडीमाणसंच लुगडी नेसून ते करायची. पण नव्वदच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात निम्मे गडी बारामतीकडच्या कारखान्यांत कामाला लागलेले, आणि जन्मभर दाईचं काम केलेले रामहरी आबा थंडीत वारलेले. तेव्हा महिला मंडळानं ठरवलं, यंदा आपणच करू. मनिषाच्या ओसरीवर हीच चर्चा रंगली होती, तेवढ्यात वाटी घेऊन उत्कर्षा दारात उभी राहिली.

"ही बघा! बारामतीच्या कॉलेजात नाटकं केलेली बाई दारात उभी हाय, आन आपन मास्तर हुडकतोय," मनिषा म्हणाली.

कॉलेजात उत्कर्षानं एकच नाटक केलं होतं आणि त्यात ती पडद्यामागून कोंबड्याचा आवाज काढायची. हे तिनं सांगितलं नाही. घरी दिवसभर ती आणि तिची तान्ही स्वराली. सासू नाही, आई लांब, नवरा विजयसिंह सकाळच्या एसटीनं इंदापूरच्या कचेरीत. स्वराली रडली की उत्कर्षा घाबरायची, आणि रडायची थांबली की त्याहून घाबरायची. चार बाया आसपास असतील, एवढ्या लोभानं ती हो म्हणाली.

तालमी दुपारी, समाजमंदिरात. मागच्या खिडकीतून उजनीचं पाणी दिसे. त्या दिवसांत ते रोज थोडं मागे सरकत होतं. मग चिखलाचा, वाळत्या जाळ्यांचा वास आत येई, आणि लांब पाण्यातून जुन्या देवळाचं शिखर कुणीतरी मान वर काढल्यासारखं उभं दिसे.

नाटकाची गोष्ट साधी. राणी दरबार सांभाळते, राजपुत्राला दाई वाढवते. दुसऱ्या अंकात दाई दुधात जायफळ उगाळून बाळाला निजवते. तिसऱ्यात ती पाळणा हलवत गाणं म्हणते, राणी येते, हात पुढं करते, आणि बाळ काही तिच्याकडे जात नाही. एवढंच. गावाला वाटे, दाईची काय ती माया! उत्कर्षाला मात्र यात माया सोडून बाकी सगळं दिसत होतं. तिनं एकेका बाईला समोर बसवून विचारायला सुरुवात केली, तुमच्या पात्राच्या मनात खोल काय आहे? त्याला नेमकं काय हवंय?

"माज्या मनात?" राणी झालेली मनिषा म्हणाली, "ह्या मुकुटाखाली खाज सुटलीया, ती जावी. दुसरं काय न्हाय बघा."

बाया खिदळल्या. हसल्या नाहीत त्या फक्त चंद्राआत्या. चंद्राबाई म्हणजे रामहरी आबांची विधवा. मूल नव्हतं. नवऱ्याची तालीम ऐकून ऐकून दाईची गाणी त्यांना पाठ, म्हणून दाईचं काम त्यांच्याकडे.

"आत्या, तुमच्या दाईला काय हवंय?"

"बाई, गानं म्हनायचं आन मोकळं व्हायचं. पात्राला असं इचारू नये."

"का बरं?"

"इचारलं की ते सांगतं."

उत्कर्षाला वाक्य आवडलं. शिकलेल्या माणसाला अशी वाक्यं आवडतात, आणि तेवढ्यावरच तो थांबतो.

पाळणा जुन्या गावातला, काळ्या लाकडाचा. त्यात झबलं घातलेला एक वरवंटा असायचा. रिकामा पाळणा हलवू नये, हे लहान पोरालाही ठाऊक. बारशालाही बाळाच्या आधी वरवंटाच पाळण्यात जातो. स्वरालीच्या बारशाला उत्कर्षा त्या नटलेल्या दगडाला पाहून हसलीसुद्धा होती. पण तालमीत तो दगड लाकडावर धडधडायचा आणि गाण्याचा रसभंग व्हायचा. शिवाय तिला एक अर्थ सापडला होता. दाईचं खरं दुःख असं की ती परक्याच्या बाळासाठी नाही, रिकाम्या पाळण्यासाठी गाते. तिचं बाळ कधी नव्हतंच!

तिनं वरवंटा उचलला आणि खिडकीत ठेवला.

पेटीवर बसलेल्या गेणबा तात्यांनी बोटं उचलली.

"सूनबाई, हे काय बरं न्हाय."

"तात्या, नाटक आहे हो."

"नाटकच हाय. पर पाळना खरा हाय की."

"एकदा बघू तरी. आत्या, मनात एवढंच आणा, की मला लेकरू हवंय. म्हणा."

चंद्राआत्यांनी खिडकीतल्या वरवंट्याकडे पाहिलं. मग दोरी धरली.

*नीज माझ्या राजसा रे, दिवा झाला मंद,*
*माय बैसे दरबारी, दार करते बंद...*

कोपऱ्यात गोधडीवर स्वराली मघापासून किंचाळत होती. ती एकदम गप्प झाली. पाळणा हलका होऊन भिरभिरेल असं उत्कर्षाला वाटलं होतं. तो मात्र जड, सावकाश झुलत होता. दोन कडवी झाली आणि तिसरं सुरू झालं. खालच्या पट्टीत, अगदी कानाशी म्हटल्यासारखं. उत्कर्षाच्या अंगावर काटा आला. हाच तो अभिनय, ती मनात म्हणाली. आपल्याला जमतंय की!

त्या दिवसापासून स्वराली रडेनाशी झाली.

"मास्तरीणबाई, नाटकाचा फायदा झाला म्हणायचा," विजयसिंह म्हणाला. "रात्री झोप तरी लागतीय."

"इतकी का झोपते पण ही?"

"रडली तरी तुझी तक्रार, झोपली तरी तक्रार. आता पोरीनं करायचं तरी काय?"

उत्कर्षा हसली. पण तो कामावर गेल्यावर तिनं झोपलेल्या लेकीच्या तोंडाशी नाक नेलं. दुधाच्या वासामागे एक गोडसर, उग्र वास होता. जायफळ.

घरात जायफळ नव्हतं.

मग संशयाला पाय फुटले. ज्या हुशारीनं तिनं दाईचं मन उलगडलं होतं, त्याच हुशारीनं ती चंद्राआत्यांचं उलगडू लागली. मूल नाही. नवराही गेला. रोज दुपारी दुसरीचं लेकरू हाताच्या अंतरावर. आत्या स्वरालीजवळून जाताना पदर का आवरून घेतात? तिच्याकडे बघायचं का टाळतात? जे आवडतं तिकडेच माणूस बघायचं टाळतं, असं तिनं कॉलेजात एका उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं. गुण बरे पडले होते.

ती तालमीत संवाद ऐकायची सोडून आत्यांच्या बोटांकडे पाहू लागली. बोटं दोरीवरच असायची. तरी घरी गेल्यावर स्वरालीच्या तोंडाला तोच वास. आणि आणखी एक. उत्कर्षानं उचललं की स्वराली आता तिच्याकडे बघत नसे. तिच्या खांद्यावरून मागे बघे. आणि हसून दोन्ही हात पुढं करी... कुणीतरी घ्यायला आल्यासारखे.

यात्रेच्या आदल्या दिवशी तालीम संपली, बाया पांगल्या. स्वरालीला छातीशी घट्ट धरून उत्कर्षानं वाट अडवली.

"आत्या, माझ्या पोरीला काय चाटवता तुम्ही?"

चंद्राआत्यांनी पदर आवरून घेतला.

"जायफळ देता ना? तोंडाला वास येतो तिच्या. खरं सांगा. तुम्हाला काय हवंय?"

"मला?" आत्यांचा आवाज कोरडा होता. "पोरी, तुज्या लेकीला मी अजून बोटबी लावलं न्हाय. बारशाला बोलवत्यात आन पाळन्याला हात लावू देत न्हाईत, ती बाई मी. माजा पदर लागला तर उंद्या तूच नाव ठिवशील, म्हनून चार हात लांबनं जाते. तरी ठिवलंसच."

उत्कर्षाचे कान तापले. शरमेनं ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, "पण ते तिसरं कडवं तुम्ही असं म्हणता... अगदी तिच्या कानात म्हटल्यासारखं..."

"कुठलं तिसरं?"

"गाण्याचं."

"दोनच कडवी हायती."

खिडकीबाहेर पाणी हललं. उत्कर्षानं हलक्या आवाजात ते म्हणून दाखवलं. पाठ करायला कधी बसली नव्हती, तरी पाठ होतं.

*नीज माझ्या राजसा रे, नको आता रडू,*
*माय घेऊन निजली धोंडा, आपण दोघं दडू...*

म्हणता म्हणताच तिला शब्दांचा अर्थ लागत गेला आणि शेवटचा शब्द ओठातच राहिला. तिच्या छातीशी स्वराली खुदकन हसली. खांद्यावरून मागे बघून.

चंद्राआत्यांनी खिडकीतला वरवंटा उचलला, पदरानं पुसला, झबलं नीट केलं आणि पाळण्यात ठेवला.

"आमच्या ह्यास्नी म्या एकदा इचारलं हुतं, दाईला काय पायजे म्हून. म्हनले, ती आपल्या मनानं काय मागत न्हाय. कुनी इचारलं तरच." त्या पाळण्याकडेच बघत होत्या. "तू इचारलंस. आन वर जागाबी मोकळी करून दिलीस."

"आता काय करू, आत्या?"

"नाटक हू दे. अर्धं सोडायचं न्हाय. पर दगड काडायचा न्हाय."

यात्रेच्या संध्याकाळी नाटक झालं. दिवेलागणीला सुरू झालं ते जेवणवेळेपर्यंत. उत्कर्षा विंगेत स्वरालीला मांडीवर घेऊन बसली होती. तिसरा अंक आला. वरवंटा लाकडावर धडधडत होता, आणि तो बेसूर आवाज तिला जगातला सर्वात गोड वाटत होता. पहिलं कडवं. दुसरं. पेटी थांबली. आत्या थांबल्या. तिसरं आलं नाही.

आणि स्वरालीनं टाहो फोडला. असा की पुढच्या रांगेतली माणसं हसली. "राजपुत्र जागा झाला!" कुणीतरी ओरडलं. उत्कर्षा लेकीला कुरवाळत स्वतःच रडू लागली.

पडदा पडल्यावर आत्यांनी वरवंटा झबल्यासकट तिच्या हातात दिला.

"घरी ने. पोर तुज्याजवळ निजंल तवा पाळन्यात ह्यो ठिव. पाळना रिकामा दिसाय नको."

"आत्या, मी तुम्हाला..."

"जा आता. लेकरू भुकंजलंय." आणि मग, पहिल्यांदाच, त्यांनी स्वरालीच्या गालाला बोट लावलं.

त्या रात्री घरच्या पाळण्यात वरवंटा निजला, आणि उत्कर्षाजवळ स्वराली पुन्हा पुन्हा उठून रडली. विजयसिंह कूस बदलून पुटपुटला, "संपला का नाटकाचा फायदा?" उत्कर्षा अंधारात हसली. लेकीला कुशीत घेऊन, तिचं किरकिरणं ऐकता ऐकता, कितीतरी दिवसांनी ती गाढ झोपली.

जाग आली तेव्हा फटफटलं होतं. पलीकडे विजयसिंह भिंतीकडे तोंड करून निजलेला. घरात काही आवाज नव्हता.

नाही, एक होता. दोरीचा. कर्र... कर्र...

पाळणा हलत होता. वारा नव्हता. कुशीत स्वराली होती. उत्कर्षानं आधी तिला चाचपलं, मग ती उठून पाळण्यात डोकावली. वरवंटा जागेवर होता. झबल्याची छाती मात्र ओली होती, बाळाची लाळ गळून व्हावी तशी. तिनं वाकून वास घेतला.

दूध. आणि त्यामागे जायफळ.

ती मागे वळली. अंथरुणावर स्वराली जागी होती. डोळे टक्क उघडे. भर उन्हाळ्यात तिचे पाय दगडासारखे गार होते. उत्कर्षानं तिच्या तोंडाशी नाक नेलं, आणि मध्येच थांबली. वास आला तर काय समजायचं, आणि नाही आला तर काय? एवढी मनं उलगडणारी बाई, तिला या दोन्हींचा अर्थ लावायचा नव्हता.

"स्वरा," ती कुजबुजली, "रड ना गं. एकदा रड."

स्वराली आज तिच्या खांद्यामागे बघत नव्हती. सरळ तिच्या डोळ्यांत बघत होती. शहाण्या, मोठ्या माणसासारखी.

पाळण्याची दोरी थांबली. आणि पाळण्याकडून, अगदी बारीक, रडं सुरू होण्याआधी लेकरू ओठ काढतं तसा हुंकार आला...

उत्कर्षानं एक हात लेकीच्या छातीवर ठेवला. दुसऱ्या हातानं पाळण्याची दोरी धरली आणि हळूहळू ओढू लागली.

पाळणा रिकामा नव्हता. हलवायला हरकत नव्हती.