पेंगवणी

खेचर केंद्रातल्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात डॉक्टर केतकीने लेकरासाठी काढून ठेवलेल्या दुधाच्या बाटल्या असत आणि खालच्या कप्प्यात भैरू गाढवाच्या वीर्याच्या कुप्या. आज खालचा कप्पा रिकामा होता.

घाटातले रस्ते दरडींखाली गेले, तेव्हाच ते पुन्हा बांधायचा नाद सरकारने सोडला होता. डोंगरावरच्या वस्त्यांना औषधं, धान्य, शाळेची पुस्तकं खेचरांच्या पाठीवरून पोचत. खेचर म्हणजे गाढव बापाचं आणि घोडी आईचं लेकरू. बापासारखं चिवट, आईसारखं उंच. पण त्याला स्वतःला पिल्लू होत नाही. म्हणून प्रत्येक खेचरासाठी नव्याने गाढव लागायचं. पेंगवणी आली आणि तेही लागेनासं झालं.

गुळाचं पाणी गुळवणी, तशी ही पेंगवणारी पेंगवणी. नाव केंद्रातल्या बायकांनीच पाडलेलं. पूर्वी नराचं वीर्य दूध-साखरेच्या द्रावणात घालून फ्रिजच्या गारव्यात ठेवलं, तरी दोनेक दिवसच टिकायचं. पेंगवणीत शुक्रजंतू गोठत नाहीत आणि मरतही नाहीत. नुसते पेंगत राहतात, वर्षानुवर्षं, आणि घोडीच्या उबेत गेले की डोळे चोळत उठतात. एकटा भैरू साऱ्या घाटाला पुरला. मग दारात नर पोसायचा कशाला? लोकांनी गाढवं विकली, ती कातड्यासाठी गेली. भैरू म्हातारा होऊन गेला, तेव्हा त्याच्यामागे एकही नर उरला नव्हता. माद्यांमध्ये शेवटची राहिली यल्लव्वा वडारणीची रत्नी.

तीच आज तपासणीला उभी होती. आधीच्या कुप्या तिच्यात रुजल्या नव्हत्या. शेवटची कुपी घोडीला न देता रत्नीलाच द्यायची, म्हणून केतकी वरच्या साहेबांशी भांडली होती आणि ती तिने रत्नीला दिलीही होती. रत्नीला नर झाला, तर गाढवाची जात कशीबशी तरली असती.

"नीट बघ गं बाई," रत्नीच्या कानामागे खाजवत यल्लव्वा म्हणाली. "गेल्या खेपेला तू पेंगत हुतीस. लेकरू निजू देत न्हाई वाटतं?"

"निजतं हो मावशी. सासूबाईंच्या मांडीवर, बाटली पिऊन. माझ्याकडे आलं की तोंड फिरवतं."

"फिरवंलच की! बाटलीतलं आपसूक येतंय. तुझ्यापाशी वढावं लागतंय. लबाड हाय, बापावर गेलंय."

केतकीला हसू आलं. हसतच तिने सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे एक काळा, वाटोळा ठिपका दिसायला हवा होता. दिसलं ते नुसतं राखाडी धुकं. तिने हात थोडा वळवला, पुन्हा पाहिलं. मग उगाचच आणखी एकदा.

"न्हाई ना?" यल्लव्वाने विचारलं.

"नाही, मावशी."

रत्नीने शेपटीने माशी उडवली. यल्लव्वा बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मला एक सांग. घोड्यास्नी ऱ्हातंय, परक्या असून. आन् ही भैरूच्याच जातीची, तर हिला का न्हाई?"

केतकीने हातमोजे काढले. "वीर्यात जंतूंबरोबर बापाचा रस असतो. तो त्यांना पेंगू देत नाही. म्हणून आम्ही यंत्रात गरागरा फिरवून तो वेगळा काढायचो. घोडीचं त्याच्यावाचून अडत नाही. गाढविणीची कूस मात्र फार राखणदार. नुसतं बीज आत आलं की तिला ती घाण वाटते, ती धुऊन काढते. तो रस तिला सांगत असणार, थांब, हे आपलंच आहे."

"मग घाल की त्यो रस."

"यावेळी घोड्याचा घालून पाहिला. तो परका आहे, हे तिने ओळखलं."

"आन् भैरूचा?"

केतकीने हात धुवायच्या बेसिनकडे पाहिलं. "ओतून द्यायचो. दर वेळी. घोड्या गाभण राहत होत्या ना, आम्हाला वाटलं, सगळं ठीक चाललंय."

यल्लव्वा रागावली नाही. "म्हंजे निरोप फेकून दिलासा आन् पावना दारात हुबा केलासा," ती म्हणाली. "कोण घील घरात?"

तेवढ्यात मागच्या पागेत भैरूचंच एक वयात आलेलं खेचर ओरडलं. सुरुवात घोड्याच्या खिंकाळीने झाली, आणि शेवटी आवाज मोडून भैरूचा झाला.

रत्नीचे कान वळले. तिने मान पुढे लांबवली आणि जबडा उघडायला, मिटायला लागली. माजावर आलेली गाढवीण नरासमोर करते, अगदी तसं.

"त्यो आला वाटतंय तिला," यल्लव्वा पुटपुटली.

"मावशी, ते खेचर आहे. त्याच्याकडून काही..."

"मला ठावं हाय. तिला कशाला सांगतीस?"

तिने दावं सोडलं. रत्नी कुंपणापाशी गेली. पलीकडून भैरूचा तो उंच, पोरका मुलगा आला आणि दोघांची नाकं एकमेकांना लागली. ती त्याच्यातल्या बापाला हुंगत होती. तो कुणाला हुंगत होता, त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

रत्नी जिवाच्या आकांताने ओरडली. केतकीच्या छातीत कळ आली आणि कुर्ता ओला झाला. पान्हा फुटला होता. लेकरू दोन घाट पलीकडे, थंड बाटली कोमट होण्याची वाट पाहत असेल.

दूध ऊन होतं. ते धरायला बाटली आणावी म्हणून ती फ्रिजकडे वळली नाही. तशीच उभी राहिली, वाहू देत.